लुत्सर्न, आईशिवाय

२० मे २००७, रविवार. इंगोलश्टाट, जर्मनी

आईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला त्याला आज तीन आठवडे. माझ्याच घरात मोहरी कुठे आहे ते मला विचारावं लागतं. मंदार खूश. "अहो आई, तुम्ही आल्यापासून डबा न्यावासा वाटतो," असं म्हणाला, तेही माझ्यासमोर. बघून घेईन.

दुपारी भांडी पुसता पुसता आई एकदम म्हणाली, "इथून लुत्सर्न किती लांब गं?" मी म्हटलं, का? तर आत जाऊन पर्समधून घडीचा कागद घेऊन आली. निळ्या शाईत एक पत्ता. वेरेना म्हणून कोणी. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी परदेशातल्या मुलींचे पत्ते वाटले होते, तेव्हा हिच्या वाट्याला आलेली पत्रमैत्रीण. सहा वर्षं पत्रं चालली, मिरज ते लुत्सर्न, स्वित्झर्लंड. लग्न झालं आणि बंद. मी सदतीस वर्षांची झाले आणि हे मला आज कळतंय!

"आहे का नाही तेवढं बघून येऊ," म्हणाली. आणि लगेच, "नाही जमलं तर राहू दे, मंदाररावांची सुट्टी उगाच जाईल." बाबा जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत आईने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. जायचंच.

२९ मे, मंगळवार

म्युनिकला जाऊन आईच्या पासपोर्टवर स्वित्झर्लंडचा व्हिसा आणला. खिडकीतल्या बाईने विचारलं, परत जर्मनीत येण्याचं बघितलंय ना? मी 'गेनाऊ, गेनाऊ', हो हो, बरोबर, करून सुटले, पार्किंगची वेळ संपत आली होती.

ठरलं: शुक्रवारी कोन्स्टान्झला मुक्काम, सीमेवरचंच गाव. शनिवारी सकाळी गाडीने लुत्सर्न, दिवसभर बघायचं, संध्याकाळी परत. 

आईची तयारी चालू आहे. जांभळी इरकल इस्त्री करून हँगरला. वेरेनासाठी तासगावचे बेदाणे, हे खरं तर नातीसाठी, ईरासाठी आणलेले. ईराने एक खाऊन बाकीचे ताटाच्या कडेला लावले होते तेव्हा आई खट्टू झाली होती, आता त्यांना वाली मिळाला. "हाऊ आर यू, आफ्टर सो मेनी इयर्स" हे वाक्य ईराला म्हणून दाखवत होती. ईरा आठ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. "झेअर गूट, आजी," म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या. आई लाजली!

१ जून, शुक्रवार. कोन्स्टान्झ

चार तास लागले. आईला वाटेत मळमळलं पण कबूल करेना. आवळासुपारी चघळत बसली. तळ्याकाठी फिरलो. आई काठावर उभी राहून पलीकडे बोट दाखवून, "ते काय गं?" मी म्हटलं, स्वित्झर्लंड. "एवढंच? मग चालतच जाऊ की." खरंच गावातली एक गल्ली संपते आणि देश बदलतो.

रात्री आईला झोप येईना. मला म्हणाली, "म्हातारी झाली असेल नाही ती?" मी म्हटलं, तुझ्याएवढीच. "तेच म्हणते मी."

२ जून, शनिवार. परतीच्या ट्रेनमध्ये

लिहून काढते, नाहीतर घरी जाऊन सगळं गोड करून सांगेन आणि तेच खरं वाटायला लागेल.

सकाळी नाक्यावर मंदारने चार पासपोर्ट दिले. स्विस अधिकारी तरुण पोरगाच होता. आमचे तीन पाहून बाजूला ठेवले. आईचा पुढून मागे, मागून पुढे. मग वाकून खिडकीतून आईकडे बघून हसला. आईही हसली, "हाऊ आर यू" म्हणाली. मग तो मंदारला म्हणाला, आमच्याकडे यांना खुशाल न्या, आमचा व्हिसा आहे. पण जर्मनीचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे आणि तो विमानतळावर वापरून झालाय. जर्मनीच्या व्हिसात स्वित्झर्लंड धरत नाहीत. ही बाई एकदा बाहेर पडली की संध्याकाळी जर्मनीत परत येऊ शकणार नाही.

मंदार म्हणाला, अहो, आम्ही काही तासांसाठीच जातोय. तो म्हणाला, तासाचा प्रश्न नाही. त्याची काहीच चूक नव्हती, उलट सांगितलं म्हणून बरं. 

आईच्या जर्मन व्हिसाचा फॉर्म मी भरला होता. फेब्रुवारीत, जेवणाच्या टेबलावर, ह्याच हाताने. प्रवेश: एकदा, दोनदा, अनेकदा. तीन चौकोन. मी 'एकदा'वर खूण केली. आई एकदाच येणार, जास्त मागितलं तर उगाच संशय घेतील. शहाणी! दहा वर्षं या देशात कागद भरतेय. ओळखीतले सगळे फॉर्म आणून देतात, "अनुराधाला दाखव, तिला कळतं." कळतं! माझं थोबाड.

आईला मराठीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग दार उघडून उतरलीच. नाक्याच्या कडेला जांभळी इरकल, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. "मग तुम्ही जाऊन या. मी बसते तळ्याकाठी, मला काय होतंय."

मंदार म्हणाला, "आई, तुम्हाला एकटं ठेवून कुठे जाणार? मी आणि ईरा थांबतो. अनु, तू जा ट्रेनने." मी म्हटलं, मी नाही जात, मला नाही बघायचं काही. तेव्हा आई चिडली. "तुला बघायला कोण पाठवतंय? मला बघायचंय. तू फक्त जा." आणि कागद आणि बेदाण्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली. "आणि पळत पळत बघू नकोस. सगळं सांगायचंय मला."

झ्युरिकला गाडी बदलून लुत्सर्न, साडेअकरा.

स्टेशनातून बाहेर आलं की समोर पाणीच. एका बाजूला डोंगर, डोक्यावर ढग. मोठी चाकाची बोट भोंगा देत निघाली होती. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य डोक्यात आलं ते 'आई, बघ'. शेजारी कोणी नाही. 

लाकडी पूल. नदीवर तिरका टाकलाय, वर छप्पर, बाहेरून फुलांच्या कुंड्या. छपराखाली त्रिकोणी जुनी चित्रं. काही वर्षांपूर्वी पूल जळाला होता म्हणे, मधल्या बऱ्याच जागा रिकाम्या आहेत, लाकूडही तिथलं नवं. दोन टोकांचं जुनं, काळं. लोक सरळ चालत पार होत होते. आई असती तर प्रत्येक चित्राखाली थांबली असती. हा कोण, याचं डोकं का कापलंय, ही कुणाची राणी. मला एकाचंही उत्तर आलं नसतं आणि मी चिडले असते, "आई, चल ना!" आज तिच्यासाठी सगळी चित्रं पाहिली. मान मोडली. हंस मोजले, नऊ. 

पुढे चर्च. आत सगळं पांढरं आणि गुलाबी, मिठाईच्या दुकानासारखं. थोडी बसले. हात जोडले गेले. चर्चमध्ये हात जोडायचे की काय करायचं मला अजून माहीत नाही, आई सगळीकडे जोडते. 

जुन्या गावातल्या भिंतींवर चित्रं काढलेली घरं. एका चौकात पाण्याचा हौद, लोक तिथलं पाणी पितात, मीही प्यायले. थंडगार. आईला सांगायचं. 

मग दगडात कोरलेला तो सिंह. पाठीत भाला, पंजा ढालीवर, मरायला टेकलेला. त्याच्यासमोर सगळे दात काढून फोटो काढत होते. आणि तिथे मागून आवाज, "काकू, पाच मिनिटं फक्त! पाच म्हणजे पाच! पंचेचाळीस डोकी मोजायचीत मला!" मराठी टूर. सगळ्यांना पिवळ्या टोप्या. साड्यांवर स्वेटर, स्वेटरवर पर्स. सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या. सगळ्या.

एक जण माझ्याकडे आल्या. "मराठी आहेस ना गं? चेहऱ्यावरनंच कळतंय. जरा आमचा काढ फोटो." काढला. "कुठली तू?" मिरजेची. "आई-वडील असतात का?" आई आहे, इकडेच आलीय माझ्याकडे. "अय्या, मग कुठाय? दमली का?" मी म्हटलं, कोन्स्टान्झला आहे. "आणि तू इथे एकटीच? तिला नाही आणलंस?"

नाही आणलं, म्हटलं. काय सांगणार? त्यांनी पर्समधून डबी काढून बेसनाचा लाडू दिला, "खा, तोंड सुकलंय तुझं." त्या गेल्या आणि मी त्या सिंहासमोरच्या बाकावर बसून लाडू खात चांगली रडले. पंचेचाळीस आया घाटकोपर, कोथरूड, डोंबिवलीहून उठून इथवर आल्या. माझी आई दोन तासांवर बसलीय आणि तिला मी आणू शकले नाही. आणि नुसती आज नाही. दहा वर्षं ती मिरजेत आणि मी इथे. आई मला हवी असते. सर्दी झाली तरी हवी असते. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, मंदारलाही नाही. वहीत लिहिते.

तीन वाजता पत्ता शोधला. जुन्या तटबंदीखालची चढाची गल्ली. घर आहे! तोच नंबर. वेरेनाच्या वडिलांची खाली बेकरी होती असं आई म्हणाली होती, तिथे आता चष्म्याचं दुकान. घंट्यांवर चार नावं, वेरेना एकही नाही. चारही दाबल्या. दुसऱ्या मजल्यावरून एक आजोबा आले, पँटला खांद्यावरून पट्टे. त्यांचं जर्मन मला ओ की ठो कळेना, माझं त्यांना सगळं कळत होतं. "वेरेना? बेकरीवाल्यांची?" आणि मग हळूहळू, मला कळेल असं: आहे. बरी आहे. नवरा वारला, आता तळ्यापलीकडे मुलीच्या गावात राहते, महिन्यातून एकदा इकडे येते.

आहे! मी आजोबांचा हातच धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. 

पत्ता देईनात. तिला विचारल्याशिवाय कसा देणार, म्हणाले. पण पत्र द्या, पोचवतो. त्यांच्या जिन्यात बसून त्यांच्याच कागदावर लिहिलं, माझ्या उत्तमातल्या उत्तम जर्मनमध्ये. की माझी आई सुमती, मिरज, भारत, तुमची शाळेपासूनची पत्रमैत्रीण, आज तुम्हाला भेटायला निघाली होती, माझ्या चुकीमुळे सीमेवर अडकली. २२ जुलैपर्यंत ती माझ्याकडे आहे. ती तुमच्याकडे येऊ शकत नाही, पण तुम्ही कोन्स्टान्झपर्यंत येऊ शकलात तर म्हणाल त्या दिवशी आम्ही तिथे येऊ. आईचं नाव दोनदा लिहिलं, स्वच्छ अक्षरात. आमचा पत्ता, फोन. बेदाण्यांची पिशवी दिली. आजोबांनी वास घेऊन पाहिला.

निघताना वर बुरुजावरच्या घड्याळाचे ठोके पडले. आजोबांनी बोट वर केलं, थांबा. मिनिटभराने खालच्या गावातली सगळी घड्याळं वाजली. वरचं सगळ्यात जुनं, म्हणून त्याला एक मिनिट आधीचा मान आहे, म्हणाले. हे आईला आवडेल.

झ्युरिक गेलं. पाऊण तासात कोन्स्टान्झ.

३ जून, रविवार. घरी

काल स्टेशनवर तिघं उभे होते. आईने आधी विचारलं, "जेवलीस का?" मग, "आहे?" मी म्हटलं, आहे. तिने डोळे मिटून घेतले, स्टेशनवरच. 

आज गाडीत चार तास सांगत होते. पूल, हंस, हौदातलं पाणी, घड्याळ. चित्रं किती हे मला सांगता येईना तर नाराज. "पत्रात काय लिहिलंस?" सगळं लिहिलं म्हटलं. "नाव लिहिलंस ना?" हो गं, नाव, पत्ता, फोन. "मग येईल ती," म्हणाली. 

घरी आल्यावर तिला त्या चौकोनाचं सांगितलं, की खूण मीच केली होती. मला वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अगं, मी एकदाच येणार होते. खरं तेच लिहिलंस तू." आणि कणीक मळायला घेतली.

९ जून, शनिवार

पत्र नाही, फोन नाही. आई विचारत नाही. फक्त साडेदहाला पोस्टाची पिवळी गाडी येते तेव्हा नेमकी बाल्कनीत तुळशीला पाणी घालत असते. तुळस कुजायला आली. 

मंदारने विचारून आणलं: इथून व्हिसा बदलून मिळत नाही, परत जाऊन नवा घ्यायचा. पुढे स्वित्झर्लंडसुद्धा याच व्हिसात येणार म्हणतात. पुढे म्हणजे कधी, कोणाला माहीत नाही.

१९ जून, मंगळवार

आलं! जाड कागद, तिरकं सुंदर अक्षर, जर्मनमध्ये. आई शेजारी उभी, हात ओले. मी मोठ्याने मराठीत वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला थांबले.

लिहिलंय: तुमच्या पत्राने मी हेलावून गेले, पण काहीतरी गैरसमज झालाय असं वाटतं. सुमती नावाच्या कुणाला मी कधी लिहिलेलं नाही. माझी मिरजेत एक मैत्रीण होती, पण तिचं नाव कुसुम. सहा वर्षं आम्ही एकमेकींना लिहिलं. मग तिची पत्रं येणं बंद झालं. मी तीनदा लिहिलं. तिचं काही बरंवाईट झालं असेल असं मी धरून चालले. शाळेतल्या बाईंनी माझा पत्ता दुसऱ्या मुलींनाही दिला असेल का? तुमच्या आई कुसुमला ओळखत असतील तर ती कशी आहे तेवढं कृपया कळवा. बेदाणे फार चांगले आहेत, पण ते बहुधा माझ्यासाठी नाहीत.

कुसुम. मामा आईला 'कुसे' म्हणायचा. मला आयुष्यभर वाटलं, ते लाडाचं नाव. 

आईकडे बघितलं. ती ओल्या हातानेच खाली बसली, फरशीवर. "तीनदा लिहिलं म्हणते?" एवढंच म्हणाली. मग रडली. बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती.

ईरा बाजूला उभी. "आजी हात त्स्वाय नामेन?" आजीला दोन नावं आहेत? मग, खरं कुठलं? आईने मला विचारलं, काय म्हणते. सांगितलं. "सांग तिला, दोन्ही." 

२० जून, बुधवार

आज आईने आपण होऊन सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. मी भाजत होते.

लग्नात ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं. सुमती. "अक्षर फार छान होतं त्यांचं. मला वाटलं, किती सुरेख काढलाय 'सु'. मग लक्षात आलं, ही आपणच." माहेर आणि सासर एकाच गावात, मध्ये तीन गल्ल्या. वेरेनाचं पत्र माहेरी आलं, मामा घेऊन आला. आजीने, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, पाकीट पाहून विचारलं, "ही कुसुम कोण?" सगळे हसले. आईही हसली. "वाईट नव्हतं गं कुणी. तुझे बाबा तर म्हणायचे, लिही की उत्तर."

लिहिलंही. सगळं पत्र लिहून झालं, खाली सही करायची वेळ आली आणि हात थांबला. "सुमती लिहिलं तर तिला कळणार नाही. कुसुम लिहावं तर ती घरात कुठे होती? आज करू, उद्या करू. मग तू झालीस."

पोळी करपली. 

माझ्या लग्नाच्या बैठकीत सासूबाईंनी माझं नवं नाव ठरवून आणलं होतं, मंजिरी. आई, जी कधी पुरुषांच्या बैठकीत तोंड उघडत नाही, ती उठून म्हणाली, "हिचं नाव बदलायचं नाही. बाकी काय म्हणाल ते कबूल." मी केवढी चिडले होते तिच्यावर, मला मंजिरी आवडलं होतं! बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही मी, का म्हणून. आणि पत्र लिहायला बसले तर तिचं लग्नाआधीचं नाव वेगळं असेल हे डोक्यात आलंसुद्धा नाही. दोनदा सुमती, स्वच्छ अक्षरात.

२४ जून, रविवार

आईने पत्र लिहिलं. तीन दिवस लागले. मी म्हटलं, मी जर्मनमध्ये करून देते, तर "तू राहू दे, तुझं झालं करून." इंग्रजीत, शाळेतल्या वळणदार अक्षरात. मला वाचू दिलं नाही. फक्त दोन शब्दांची स्पेलिंगं विचारली: 'वेडिंग' आणि 'अशेम्ड'. 

सही करताना मी दारातून बघत होते. पेन टेकवलं, थांबली, शेजारच्या वर्तमानपत्रावर एकदा लिहून बघितलं, मग कागदावर. वर्तमानपत्र तिने घडी करून रद्दीत टाकलं, मी काढून घेतलं. Kusum. K ची शेपटी लांब ओढलेली.

८ जुलै, रविवार

उत्तर नाही. पोस्टातून पत्र जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, मी बोटं मोजून बसते. लुत्सर्नच्या आजोबांना फोन करावा तर नंबर घेतला नाही. मूर्ख. 

मंदार म्हणतो, "रागावली असेल. चाळीस वर्षं आपण मेलेली धरलेली बाई एकदम लिहिते, मी नाव बदललं म्हणून गप्प बसले. मीही रागावलो असतो." आईने ऐकलं. "रागावू दे की," म्हणाली. "रागवायला तरी लिहील."

बॅगा भरायला काढल्या. ईराने आजीसाठी चित्र काढलं, त्यावर जर्मनमध्ये दोन्ही नावं. 

१९ जुलै, गुरुवार

नाही.

आईने तुळस दुसऱ्या कुंडीत लावून दिली आणि पाणी कमी घाल म्हणून मलाच बजावलं. मोहरी परत माझ्या जुन्या जागेवर ठेवली. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी ती पुन्हा आईने ठरवलेल्या जागी ठेवली.

२२ जुलै, रविवार. म्युनिक विमानतळावरून आल्यावर

गेली.

व्हीलचेअर घेतली होती, बसायला तयार नाही. "मी काय आजारी आहे?" शेवटी ईराने हात धरून बसवलं. इरकल नाही, साधी सुती. मी म्हटलं, पत्र आलं की लगेच फोन करते. म्हणाली, "नाही आलं तरी कर." 

मग म्हणाली, "आता मी परत नाही यायची गं. गुडघे, ते विमानातलं थंड वारं, आठ तास बसून पाय सुजतात. झालं माझं बघून. तुम्हीच येत जा." मी म्हटलं, असं काय बोलतेस. "खरं तेच बोलते." आत जाताना वळून बघितलं नाही. ती कधीच बघत नाही, म्हणते, वळलं की पाय अडकतो. माझा अडकला. मंदारने अर्धा तास गाडी सुरूच केली नाही.

घरी आले तर ओट्यावर झाकून ठेवलेलं थालीपीठ. पहाटे कधी केलं कोण जाणे. उभ्यानेच खाल्लं, थंडगार. घर भयंकर नीट आहे. मला आई हवी आहे.

७ ऑगस्ट, मंगळवार

पाकीट! स्विस तिकीट, कुठल्यातरी डोंगरातल्या गावाचा शिक्का. उन्हाळ्यात तिकडे गेली असेल, म्हणून उशीर. जाड आहे, आत फोटो असावेत, कडक लागतंय. वर आमचा इंगोलश्टाटचा पत्ता आणि नाव फक्त एक: कुसुम.

तसाच मिरजेला फोन लावला. तिकडे सात वाजले होते, टीव्ही चालू. "आई, आलं!" टीव्ही बंद झाला.

"रागावलीय का?" 

मी म्हटलं, उघडलं नाही अजून. उघडते, वाचून दाखवते, थांब. की तसंच मिरजेला पाठवू? 

"नको. नको उघडू. आणि पोस्टात टाकू नकोस, गहाळ झालं म्हणजे?"

अगं, मग करू काय त्याचं?

"ठेव तुझ्याकडे. मी येऊन वाचेन." 

मी म्हटलं, आणि गुडघे? म्हणाली, "गुडघ्यांना काय होतंय." कधी येशील, म्हटलं. "बघू," म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.